पेशी औषधाला दाद देत नाही, म्हणजे आत नेमकं काय होतं?

मुक्ता_पाषाण | मंगळवार, रात्री १०:४०

गेल्या आठवड्यात आत्याचा स्कॅन आला. स्तनाचा कर्करोग, चार वर्षांनी उलटलेला. आठ महिने दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू होतं आणि पहिले सहा महिने गाठी छान बसत गेल्या. आता यकृतातली एक पुन्हा वाढलीय. डॉक्टर म्हणाले, "या औषधाला दाद देईनाशी झालीय, औषध बदलू." सिंहगड रस्त्यानं रिक्षातून घरी येताना आत्या बराच वेळ गप्प होती. राजाराम पुलापाशी म्हणाली, "मध्ये दोनदा पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून डोस पुढे ढकलला ना गं? त्यानंच झालं असेल. की मी नीट जेवले नाही म्हणून?"

मी पेशीशास्त्रातली आहे. पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत सात वर्षं याच औषधाला न जुमानणाऱ्या पेशी बशीत वाढवल्यात. तरी रिक्षात मला तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. छापून तिला वाचायला देणार आहे, त्यामुळे चुकलं तर सांगा, आणि कळलं नाही तर तेही सांगा.

सुरुवात टकळीपासून. शाळेच्या पुस्तकात सूत्री विभाजनाच्या चित्रात 'तर्कुतंतू' असतात, आठवतात का? तर्कू म्हणजे टकळी. पेशी दुभंगायच्या आधी तिची ४६ गुणसूत्रं दुप्पट होतात, मध्यावर रांगेत येतात आणि दोन्ही टोकांकडून आलेले दोर प्रत्येक जोडीला धरतात. हे दोर म्हणजे सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे मणी एकमेकांना जोडून झालेली, साधारण २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. ही नळी स्वस्थ बसत नाही. टोकाला मणी चढत असतात, मधेच सगळं ढासळतं, पुन्हा वाढायला लागतं. मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ साली हे दाखवून दिलं. ही चुळबुळ लागतेच, कारण गुणसूत्र कुठे आहे ते नळीला आधी ठाऊक नसतं. ती चाचपडत वाढते, काही हाताला लागलं नाही तर मागे येते आणि दुसरीकडे जाते.

औषधं या चुळबुळीवर घाव घालतात. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन मणी जोडूच देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल उलट काम करतात, नळीला आतल्या बाजूनं चिकटून तिला इतकी घट्ट करतात की ती ढासळेना. शेवट दोन्हीकडे सारखाच, दोर गुणसूत्रांना नीट धरू शकत नाहीत.

मग पेशी थांबते. शाळेची सहल स्वारगेटहून निघताना बाई मुलं मोजतात आणि एक पोर कमी असलं तरी बस हलू देत नाहीत, तशी व्यवस्था प्रत्येक पेशीत असते. मॅड-२, बब-आर-१ अशी प्रथिनं पहारा देतात. एकाच गुणसूत्राला दोर लागायचा राहिला तरी पुढची आज्ञा सुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी ओळखायला फार सोपी. बशीला चपटी चिकटलेली असते ती गोल होते आणि मोत्यासारखी चमकते. एरवी हा टप्पा तासाभरात उरकतो. औषध घातलं की त्याच गोल अवस्थेत ती दहा, पंधरा, वीस तास अडकून राहते.

पुढे काय होतं, यावर माझी सात वर्षं गेली. आणि समजावायला मला लग्नातल्या घटिकापात्राहून बरं काही सापडलेलं नाही. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर बुडाला बारीक भोक असलेली वाटी तरंगत ठेवायची. पाणी आत येत राहतं आणि ठरावीक वेळानं वाटी बुडते. अडकलेल्या पेशीत अशा दोन वाट्या एकाच वेळी सोडलेल्या असतात.

पहिली वाटी सायक्लिन-बी या प्रथिनाची. ते आहे तोवर पेशी विभाजनाच्या अवस्थेत राहते. पहारा चालू असला तरी हे प्रथिन थेंब थेंब नष्ट होतच असतं. फार कमी झालं की पेशी विभाजन न करताच त्या अवस्थेतून सटकते. सगळी गुणसूत्रं एकाच पेशीत, दुप्पट माल घेऊन.

दुसरी वाटी एम-सी-एल-१ ची. हे प्रथिन पेशीला मरणापासून आवरून धरतं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं इतकी आवळलेली असतात की त्यांच्यावरून नवे निरोप जवळजवळ लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे साठा भरून निघत नाही, नुसता संपत जातो. तो संपला की पेशी स्वतःला संपवते.

कुठली वाटी आधी बुडते, त्यावर सगळं ठरतं. २००८ साली मँचेस्टरच्या गॅस्कॉइन आणि टेलर यांनी शेकडो पेशींचं एकेक करून दिवसेंदिवस चित्रण केलं. एकाच वाणाच्या पेशी, एकच औषध, एकच मात्रा, तरी काही मेल्या, काही सटकल्या, आणि सटकलेल्यांतल्याही काही नंतर मेल्या, काही नुसत्या थांबून राहिल्या, काही पुन्हा विभाजनाला लागल्या. मी स्वतः असं चित्रण पहिल्यांदा पाहिलं ती रात्र मला अजून आठवते. शेजारी शेजारी दोन पेशी, दोन्ही सारख्याच गोल. एक फुटून बुडबुडे झाली, दुसरी हळूहळू चपटी होऊन पुन्हा बशीला बसली.

ही पेशी औषधाला न जुमानता सुटते, आणि यात आत्याच्या जेवणाचा काडीचाही संबंध नाही. बाकीच्या वाटा उद्या लिहिते, आज डोळे मिटायला लागलेत.

---

सदाफुली_कसबा | मंगळवार, रात्री ११:२५

खूप छान लिहिलंत. घटिकापात्र डोळ्यांसमोर आलं, आमच्या आजोबांकडे तांब्याचं होतं.

एक विचारू? व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून करतात हे खरं ना? आमच्या वाड्यात कुंड्याच कुंड्या आहेत. शेजारच्या काकूंना कोणीतरी रोज सकाळी पाच पानं चावायला सांगितलीत. त्यांची केमो चालू आहे.

---

निवृत्त_रसायनी | बुधवार, सकाळी ६:१०

सदाफुली, काकूंना आजच थांबवा. पाठ्यपुस्तकासारखं वाटेल, पण आकडे सांगतो, म्हणजे पटेल. सुमारे ५०० किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम १ ग्रॅम व्हिनब्लास्टिन निघतं, आणि व्हिन्क्रिस्टिनसाठी त्याहून कितीतरी जास्त पानं लागतात. पाच पानांत औषधाची मात्रा येत नाही. बाकीची डझनावारी अल्कलॉइडं (वनस्पतीतली तीव्र रसायनं) मात्र येतात, जी यकृताला सोसावी लागतात आणि केमोच्या औषधांच्या आड येऊ शकतात.

झाडाची गोष्ट मात्र सुंदर आहे. जमैकात याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ च्या सुमारास ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. साखर उतरते का ते पाहायला गेले, साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. चार्ल्स बिअर या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९५८ साली त्यातून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. मग पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर ते वापरायची कल्पना पुढे आली. आज लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिनशिवाय उपचार सुरू होत नाही.

आणि मुक्ता, तुझ्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये आपला माणूस आहे हे तू लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहितो. मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र, मग अमेरिकेत पीएचडी, आणि १९६२ पासून उत्तर कॅरोलिनात मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेत. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा झाली होती. त्या सालीच्या अर्कातून नेमका गुणकारी रेणू शोधून काढायला आणि त्याची रचना उलगडायला १९७१ उजाडलं. आम्ही पाषाणला विद्यार्थी असताना त्या शोधनिबंधातली आकृती फळ्यावर काढून बसायचो. अकरा असममित कार्बन, म्हणजे चारही बाजूंना वेगवेगळे गट जोडलेले! पोरं हात टेकायची.

वाणींनी वॉल यांच्याबरोबर कॅम्पटोथेसिन हे दुसरं कर्करोगविरोधी द्रव्यही १९६६ साली शोधलं होतं. ते पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही सापडलं, आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. पण तो वेगळा धागा होईल.

सालीचं मोठं संकट होतं. यू फार हळू वाढतो आणि साल काढली की झाड मरतं. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली तेव्हा झाडं पुरणार नाहीत अशी भीती होती. फ्रान्समध्ये पोटिए यांनी युरोपी यूच्या पानांतून जवळचा रेणू काढून वाट दाखवली. पानं तोडली तर झाड जगतं.

---

श्रीरंग_बाणेर | बुधवार, सकाळी ९:०५

वाणींबद्दल माहीतच नव्हतं. धन्यवाद काका.

मुक्ता, मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. पण मी वाचलं होतं की पेशी औषध बाहेर फेकते, त्यासाठी पंप असतो. तू त्याबद्दल लिहिलंच नाहीस. तो पंप बंद करणारं औषध बरोबर दिलं की प्रश्न सुटला, असं नाही का?

---

मुक्ता_पाषाण | बुधवार, रात्री ९:३०

काका, वाणींचं नाव राहिलं ही चूकच, आत्याच्या छापील प्रतीत घालते. ती शिरपूरची आहे, नंदुरबार म्हटल्यावर खूश होईल.

श्रीरंग, पंपाबद्दल आज लिहिणारच होते. मुसळधार पावसात सोसायटीच्या तळघरात पाणी शिरतं आणि मोटर अखंड चालू ठेवावी लागते, तसंच हे. पाणी येतच असतं, पण मोटर मोठी असेल तर फरशी ओली होण्यापलीकडे काही होत नाही. १९७६ साली जुलियानो आणि लिंग हे टोरांटोत हॅम्स्टरच्या पेशींवर काम करत होते. कोल्चिसिन या नळ्यांवरच्याच औषधाला सरावलेल्या पेशींच्या आवरणात त्यांना एक मोठं प्रथिन भरमसाट प्रमाणात दिसलं. त्यांना वाटलं, हे आवरणाची पारगम्यता (इंग्रजीत पर्मिएबिलिटी) बदलत असणार, म्हणून नाव पडलं पी-ग्लायकोप्रोटीन. पुढे कळलं की तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून चालणारा पंप आहे. त्याच्या निवडीला काही धरबंध नाही. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, एकमेकांशी रचनेत साम्य नसलेले रेणू तो बाहेर फेकतो. म्हणून एका औषधाला सरावलेली पेशी कधी न पाहिलेल्या दुसऱ्या औषधालाही दाद देत नाही, असं बशीत वारंवार दिसतं.

तुझ्या डोक्यात आलं ते १९८१ मध्येच जपानात त्सुरुओ यांनी करून पाहिलं. रक्तदाबावरचं व्हेरापामिल दिलं की पंप अडखळतो आणि व्हिन्क्रिस्टिन पुन्हा लागू पडतं. उंदरात जमलं. माणसात व्हेरापामिलची तेवढी मात्रा हृदयाला झेपेना. मग खास पंपासाठी घडवलेले रेणू आले, व्हॅल्स्पोडार, झोसुक्विडार, टारिक्विडार. वीसेक वर्षं चाचण्या झाल्या, मोठ्या अपेक्षेनं, आणि एकही नेहमीच्या उपचारात आलं नाही.

का? एक तर हा पंप कर्करोगानं शोधलेला नाही. तो आपल्या आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रोज विष बाहेर काढत असतो. तो बंद केला की केमोचं औषध शरीरातूनच लवकर निघेना, मात्रा कमी करावी लागे, आणि मिळवलेलं तिथेच जाई. दुसरं, बऱ्याच गाठींत पंप हे मुख्य कारणच नव्हतं. सगळ्यांना सरसकट पंपरोधक दिल्यावर ज्यांना खरंच उपयोग झाला असता ते त्या गर्दीत दिसेनात.

पण पंप खोटा आहे असं नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी परत उलटलेल्या बीजांडकोशाच्या कर्करोगाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. काही रुग्णांत या पंपाच्या जनुकाला भलत्याच जनुकाचं चालू-बंदचं बटण येऊन जोडलं गेलं होतं. पंप कायमचा चालू. हे उपचारानंतरच्या नमुन्यांत सापडलं.

तिसरी वाट दोराचीच. ट्युब्युलिनचे अनेक उपप्रकार आहेत. त्यातला बीटा-३ हा एरवी मुख्यतः चेतापेशींत असतो. काही गाठी तो भरपूर बनवायला लागतात. त्याच्या नळ्या जास्त चुळबुळ्या असतात आणि पॅक्लिटॅक्सेलनं तितक्या जखडत नाहीत. फुप्फुस, बीजांडकोश, स्तन या कर्करोगांत याचा संबंध पुन्हा पुन्हा दिसलाय. ट्युब्युलिनच्या जनुकातच बिघाड होऊन औषधाची खाच बदलते हेही माझ्या बशीत झालंय, पण रुग्णांच्या गाठींत ते क्वचितच आढळतं. माझ्या दोन वर्षांचं काम त्या बिघाडावर होतं. नंतर हे वाचून मी पंधरा दिवस नीट झोपले नव्हते.

आणि चौथी, वाटीत मीठ कालवण्यासारखी. बी-सी-एल-एक्स-एल हे एम-सी-एल-१ चं भावंड पेशीनं भरपूर साठवलं, तर एम-सी-एल-१ संपलं तरी मरण येत नाही. त्याला रोखणारं नॅव्हिटोक्लॅक्स आहे. पण रक्तातल्या प्लेटलेट याच प्रथिनावर जगतात, त्यामुळे औषध दिलं की प्लेटलेट कोसळतात.

---

सदाफुली_कसबा | बुधवार, रात्री ९:५५

काकूंना सांगितलं. काका, तुमचे ५०० किलो ऐकून त्यांनी पानं टाकून दिली. फुलं देवाला वाहणार म्हणाल्या.

"वाटीत मीठ कालवणं" नाही कळलं मला.

---

मुक्ता_पाषाण | बुधवार, रात्री १०:०५

बरोबर आहे, ते जुळत नाही. असं म्हणते: एम-सी-एल-१ ची वाटी बुडायच्या आत तिच्याखाली कोणी आणखी एक वाटी धरली. छापील प्रतीत हेच लिहिते.

---

डॉ_केतकी | गुरुवार, दुपारी २:१५

ओपीडी संपवून लिहितेय. मी वैद्यकीय ऑन्कोलॉजीत, म्हणजे कर्करोगाच्या औषधोपचारात आहे. लेख आवडला, पण एक दुरुस्ती महत्त्वाची वाटते, कारण तुमच्या आत्या वाचणार आहेत.

तुम्ही वर्णन केलेलं बशीतलं चित्र खरं आहे. पण बशीत आपण औषधाची जी मात्रा घालतो ती बहुतेक वेळा गाठीत पोहोचणाऱ्या मात्रेपेक्षा जास्त असते. विस्कॉन्सिनच्या वीव्हर यांच्या गटानं २०१४ साली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठीतून, पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्या डोसनंतर साधारण २० तासांनी, तुकडे घेतले. गाठीतली मात्रा मोजली आणि बशीत तेवढीच वापरली. पेशी वीस तास अडकून पडल्याच नाहीत. त्या विभागल्या, पण दोनऐवजी तीन-चार टोकांकडे दोर ताणले जाऊन, गुणसूत्रांची वाटणी चुकून. अशा नव्या झालेल्या लेकी-पेशी गुणसूत्रांच्या गोंधळानं नंतर मरतात. आणि कोणाच्या गाठीत किती पेशी अडकल्या, यावरून कोणाला गुण येईल हे सांगता आलं नाही.

याला आणखी एक आधार आहे. विभाजनाच्याच वेळी काम करणाऱ्या इतर प्रथिनांना रोखणारी औषधं, कायनेसिन-५, ऑरोरा, पोलो या एन्झाइमांवरची, बशीत जोरदार होती. नळ्यांना हात लावत नसल्यानं हातापायांच्या मुंग्याही कमी. पण गाठीच्या स्वरूपाच्या कर्करोगांत त्यांनी एकटी दिल्यावर निराशा केली. माणसातली गाठ बशीतल्या पेशींइतकी भराभर विभागत नाही. कुठल्याही क्षणी तिच्यातल्या अगदी थोड्या पेशी विभाजनात असतात. पॅक्लिटॅक्सेल रक्तातून उतरल्यावरही पेशीत बराच काळ टिकून राहतं, म्हणून उशिरा विभाजनाला येणारीही त्याच्या तावडीत सापडते. आठवड्याला थोडं थोडं देण्याची पद्धत स्तनाच्या कर्करोगात तीन आठवड्यांनी एकदम देण्यापेक्षा सरस ठरली, ती २००८ च्या मोठ्या चाचणीत.

आत्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर: पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर डोस आठवडाभर पुढे ढकलणं हे या उपचारात धरलेलंच असतं. ते न करता जंतुसंसर्ग ओढवून घेणं धोक्याचं. गाठ परत वाढली त्याचं खापर त्यांनी स्वतःवर फोडू नये. हे मी रोज निदान एका माणसाला सांगते.

---

मुक्ता_पाषाण | गुरुवार, रात्री ८:४०

डॉक्टर, मनापासून आभार. तो शोधनिबंध मी वाचलाय, आणि तरी लिहिताना हात बशीकडेच गेला. सात वर्षं तेच डोळ्यांसमोर होतं.

म्हणजे दोन वाट्यांची शर्यत जास्त मात्रेला जास्त लागू, आणि रुग्णाच्या गाठीत वाटणीचा गोंधळ मुख्य. तसं असेल तर न जुमानण्याच्या वाटाही थोड्या बदलतात, नाही का? पंप आणि बीटा-३ दोन्हीकडे लागू पडतात, कारण त्यांनी नळीवरचा परिणामच कमी होतो. पण गोंधळ सोसण्याची ताकद हा वेगळाच मुद्दा होतो. ज्या पेशीत पी-५३ हे बिघाड झाल्यावर पेशीला थांबवणारं प्रथिन शाबूत आहे ती गुणसूत्रांची नासधूस झाल्यावर बहुधा थांबते. पी-५३ मोडलेली पेशी तशीच पुढे जाते. त्यातल्या बहुतेक मरतात, पण एखादीला नेमका तगून राहण्यासारखा संच मिळतो.

---

ओवी१२वी | गुरुवार, रात्री ९:२०

मुक्ताताई, मी बारावीत आहे. पेशीला कसं कळतं की कुठलं औषध येणार आहे? ती शिकते का?

---

मुक्ता_पाषाण | गुरुवार, रात्री ९:५०

ओवी, तिला काहीच कळत नाही. एक सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात, आणि विभागताना चुका होत गेल्यानं त्या एकसारख्या राहिलेल्या नसतात. एखादीत पंप जरा जास्त, एखादीत बीटा-३. औषध नसताना त्याचा तिला काही फायदा नाही, उलट पंप चालवायला एटीपी खर्च होतो. औषध आलं की बाकीच्या जातात आणि ही राहते. गाठ सहा महिने बसत गेली, तेव्हा आत या मूठभर पेशी होत्याच, स्कॅनमध्ये दिसत नव्हत्या इतकंच. काही पेशी औषधाच्या धक्क्यानंतर जनुकांचा वापर बदलूनही तग धरतात, त्यामुळे सगळं आधीपासूनच ठरलेलं होतं असंही समजू नकोस.

तुला सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी पाहायच्या असतील तर मला निरोप टाक, आईबाबांना विचारून.

---

नीता_सिस्टर | शुक्रवार, पहाटे ५:५०

नाइट संपतेय. केमोच्या डे-केअरला बावीस वर्षं काढली, रसायनं मला एवढी कळत नाहीत, पण माणसं कळतात म्हणून लिहिते.

तुम्ही नळ्यांबद्दल लिहिलंत, त्याच नळ्या नसांत असतात ना? डॉक्टरांनी आम्हाला तसंच शिकवलं. हाताच्या बोटांपर्यंत जाणारी नस लांब, तिच्यातला माल नळ्यांवरून वाहिला जातो, नळी बिघडली की टोकाला आधी मुंग्या. पेशंट सांगत नाहीत. शर्टाचं बटण लागेना, रांगोळी चिमटीतून सुटत नाही, पोळी उलटताना चटका बसलेला कळत नाही, तरी "ठीक आहे" म्हणतात, डोस कमी होईल या भीतीनं. मुक्ताताई, आत्यांना विचारा. सांगितलं तर डॉक्टर मात्रा जुळवतात, उपचार बंद होत नाही. काही केंद्रांत पॅक्लिटॅक्सेल चालू असताना बर्फाचे हातमोजे घालतात, तेही विचारून ठेवा.

आणि व्हिन्क्रिस्टिनबद्दल, कोणी नवीन सिस्टर वाचत असेल तर: ते फक्त शिरेतून. मणक्यात गेलं तर माणूस वाचत नाही. आम्ही ते मोठ्या सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतच देतो, आणि दोघी मिळून लेबल वाचतो.

---

प्रकाश_वडगाव | शुक्रवार, सकाळी ११:३०

माझ्या बाबांना प्रोस्टेटसाठी डोसिटॅक्सेल दिलं होतं, आता कॅबाझिटॅक्सेल सुचवलंय. मला वाटलं, दोन्ही एकाच कुळातली, पहिलं चाललं नाही तर दुसरं कशाला? धागा वाचून धीर करून विचारतोय.

---

डॉ_केतकी | शुक्रवार, दुपारी ३:००

प्रकाश, प्रश्न अगदी योग्य. दोन्ही टॅक्सेनच आहेत, पण मुक्तानं सांगितलेला पंप कॅबाझिटॅक्सेलला नीट पकडू शकत नाही. हा गुण पाहूनच तो रेणू पुढे आणला गेला. डोसिटॅक्सेलनंतर तो उपयोगी पडतो हे चाचणीत दिसल्यावर २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बाबांच्या रक्ताच्या पेशींवर मात्र लक्ष ठेवावं लागेल, पांढऱ्या पेशी यात बऱ्यापैकी उतरतात. ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

---

निवृत्त_रसायनी | शुक्रवार, सायंकाळी ५:२०

मुक्ता, आत्यांचं पुढचं औषध ठरलं का?

---

मुक्ता_पाषाण | शनिवार, रात्री १०:१५

ठरलं काका. एरिब्युलिन. तुम्हाला आवडेल, समुद्री स्पंजातून आलेल्या रेणूवरून घडवलंय, जपानच्या किनाऱ्यावरचा हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाय. मूळ रेणू इतका अवाढव्य की रसायनज्ञांनी त्याचा उपयोगाचा अर्धा भागच प्रयोगशाळेत बांधला.

आत्यानं काल सगळा धागा चष्मा लावून वाचला आणि मला कोंडीत पकडलं. म्हणाली, "हेही त्या नळ्यांवरचंच औषध. नळ्यांवरच्या औषधाला माझी गाठ दाद देत नाही म्हणतेस, मग हे का?" मी तिला कागदावर नळी काढून दाखवली. पॅक्लिटॅक्सेल नळीच्या आत, मधल्या भिंतीला बसतं. एरिब्युलिन वाढत्या टोकावर बसतं आणि नळीचं वाढणं थांबवतं. पेशीनं पहिल्याची खाच बिघडवली असेल किंवा नळ्या जास्त चुळबुळ्या केल्या असतील, तरी टोक मोकळंच असतं. पंप मात्र एरिब्युलिनलाही बाहेर फेकू शकतो, तेही मी लपवलं नाही. तिच्या गाठीत यातलं नेमकं काय झालंय ते तपासणारी चाचणी नेहमीच्या उपचारात नाही. देऊन पाहायचं, दोन-तीन सायकलनंतर स्कॅन करायचा.

"म्हणजे मी जेवले नाही म्हणून नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही. मग तिनं धिरडी केली आणि आम्ही दोघींनी खाल्ली.

तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे औषध दोन ते पाच मिनिटांत शिरेतून जातं. पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी एरंडेलापासून केलेल्या द्रावकाची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड, मग तासाभराचं सलाइन, अर्धा दिवस जायचा. यात ते द्रावकच नाही. पहिल्या आणि आठव्या दिवशी डोस, मग एकविसाव्या दिवसापर्यंत सुट्टी.

नीताताई, बटणांचं विचारलं. दोन महिने लागत नाहीयेत म्हणाली. ब्लाउजचे हुक शेजारच्या वहिनी लावून देतात. हे मला, घरातल्या माणसाला, माहीत नव्हतं. एरिब्युलिननंही मुंग्या येतात, म्हणून सोमवारी पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांना हेच पहिलं सांगणार आहोत. कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवलंय.